भिरकावलेल्या वस्तूचं त्वरण आणि गुरुत्वाकर्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-अकरावीची मुलं, त्यांचे पालक, आणि क्रिकेटची मॅच बघताना मध्येच शंका आलेली मंडळी यांच्याकडून सतत येणारे हे प्रश्न. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. प्रश्न १४ पर्यंत हवेचा अडथळा नाही असं धरलं आहे. तो हिशेबात घेतला की काय होतं, ते प्रश्न १५ पासून पुढे.

१. प्रक्षेप्य म्हणजे नक्की काय? पेपरात तर इस्रोच्या रॉकेटच्या ‘प्रक्षेपणा’ची बातमी येते. मग रॉकेट हे प्रक्षेप्य का?

इंजिन चालू आहे तोवर नाही. एकदा सुटल्यावर ज्या वस्तूला पुढे ढकलणारं काही उरत नाही, ती प्रक्षेप्य. हातातून सुटलेला दगड, दांडूने टोलावलेली विटी, बॅटवरून उडालेला चेंडू, पाईपच्या तोंडातून बाहेर पडलेलं पाणी, लांब उडी मारणारा खेळाडू हे सगळे त्यात येतात. पक्षी पंख मारतो, पतंगाला दोरी आणि वारा धरून ठेवतात, म्हणून ते त्यात बसत नाहीत. रॉकेटचं इंजिन बंद पडलं की मात्र त्या क्षणापासून तेही प्रक्षेप्यच. पेपरातलं ‘प्रक्षेपण’ आणि पुस्तकातलं ‘प्रक्षेप्य’ यांचं मूळ एक असलं, तरी अर्थाची गल्लत करू नका.

२. हवेत असताना वस्तूचं त्वरण किती असतं, आणि कुठल्या दिशेला?

९.८ मी/से², सरळ खाली. वर जाताना, वळताना, उतरताना तेच. वस्तू कशी फेकली, किती जोरात फेकली, कुठल्या कोनात फेकली, याने त्यात काही फरक पडत नाही.

या आकड्याचा अर्थ असा, की दर सेकंदाला वस्तूच्या वेगात खालच्या दिशेने सेकंदाला ९.८ मीटरची भर पडते. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचं तर दर सेकंदाला सुमारे ३५ ची. खाली येणाऱ्या वस्तूचा वेग त्यामुळे वाढतो, वर जाणारीचा घटतो आणि तिरकी जाणारीची दिशा वळते. तिन्ही ठिकाणी काम एकच चाललेलं असतं, आपल्याला ते वेगवेगळं दिसतं इतकंच.

३. सर, चेंडू सगळ्यात वर पोचला की क्षणभर थांबतो. मग तिथं त्वरण शून्यच ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि चुकीचं उत्तर देणाऱ्यांत हुशार मुलंही असतात. त्या बिंदूला शून्य होतो तो वेग. त्वरण ९.८ च राहतं.

शून्याच्या आजूबाजूला काय होतं ते बघा. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूच्या ०.१ सेकंद आधी सेकंदाला ०.९८ मीटर वेगाने वर जात असतो. त्या बिंदूनंतर ०.१ सेकंदाने तो तेवढ्याच वेगाने खाली येत असतो. म्हणजे ०.२ सेकंदात वेगात १.९६ मीटर प्रति सेकंदाचा बदल झाला. भागाकार करा, ९.८ मिळतात. मधल्या क्षणी त्वरणाने सुट्टी घेतली असती, तर हा हिशेब जुळलाच नसता.

बँकेच्या खात्याचं उदाहरण मुलांना पटकन पटतं. रोज ठरावीक रक्कम खात्यातून जाते आहे. एक दिवस शिल्लक शून्य होते. म्हणून खर्च थांबतो का? दुसऱ्या दिवसापासून उधारी सुरू होते. शिल्लक म्हणजे वेग, रोजचा खर्च म्हणजे त्वरण आणि उधारी म्हणजे खाली येणं. वर पोचल्यावर वेग शून्य आणि त्वरणही शून्य झालं असतं, तर चेंडू खाली आलाच नसता. तिथंच लटकून राहिला असता.

आणखी एक. ‘क्षणभर थांबतो’ हेसुद्धा फक्त सरळ वर फेकलेल्या वस्तूला लागू आहे. तिरक्या फेकलेल्या चेंडूचा वर-खाली जाण्याचा वेग तेवढा शून्य होतो, आडवा वेग तसाच असतो. सिक्सरचा चेंडू सर्वोच्च बिंदूलाही सीमारेषेकडे धावतच असतो.

४. पण फेकताना दिलेला जोर हवेत कुठे जातो? तो संपला म्हणूनच दगड खाली येतो ना?

आपली भाषाच असं बोलते: ‘दगडातला जोर संपला’, ‘चेंडूचा जोर ओसरला’. ही समजूत फार जुनी आहे, आणि मान्यवरांची आहे. वैशेषिक दर्शनात बाणाचं विवेचन आहे: बाण सुटतो तो ढकलल्यामुळे, पुढे जात राहतो तो त्यात उतरलेल्या ‘संस्कारा’मुळे, आणि संस्कार संपला की ‘गुरुत्वा’मुळे खाली पडतो. मध्ययुगीन युरोपातही याच चालीचा विचार होता. तेव्हा तुमची चूक एकट्याची नाही.

चूक आहे ती ‘संपला की’ या दोन शब्दांत. गुरुत्वाकर्षण आपली पाळी येण्याची वाट बघत बसत नाही. दगड बोटांतून सुटला, त्याच क्षणापासून ते ओढायला लागतं. हाताचं बल हात लागलेला असेपर्यंतच होतं. दगडाबरोबर गेला तो वेग, आणि वेग टिकवायला बल लागत नाही. बल लागतं ते वेग बदलायला. हवेतल्या दगडाची आकृती काढून त्यावर बलाचे बाण दाखवायला सांगितले, तर बाण एकच काढा, खाली जाणारा. पुढच्या दिशेने दुसरा बाण काढलात की मार्क गेले.

५. गणितात कधी ९.८ तर कधी उणे ९.८ लिहितात. आणि काही पुस्तकं सरळ १० घेतात. खरं कोणतं?

तिन्ही चालतात. वरची दिशा धन धरली तर गुरुत्व त्वरण उणे, खालची धन धरली तर अधिक. एकदा ठरवलं की गणित संपेपर्यंत बदलायचं नाही, इतकंच. उणे म्हणजे ‘वेग कमी होतोय’ असं समजू नका. वरची दिशा धन धरली, तर खाली पडताना वेगही उणे आणि त्वरणही उणे असतं, आणि चाल (म्हणजे दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा) वाढतच असते. १० हा आकडा तोंडी हिशेबासाठी. त्याने उत्तरात दोन टक्क्यांचा फरक पडतो. प्रश्नात दिला असेल तरच वापरा.

६. जड वस्तू लवकर पडते, हे तर डोळ्यांना दिसतं. मग सगळ्यांचं त्वरण सारखं कसं?

डोळ्यांना दिसते ती हवेची करामत. हवा बाजूला ठेवली, तर वस्तुमान दुप्पट झालं की पृथ्वीची ओढ दुप्पट होते. पण दुप्पट वस्तुमानाला हलवणंही दुप्पट अवघड. दोन्ही दुपटी एकमेकींना कापतात आणि त्वरण तेच राहतं.

याचा सगळ्यात देखणा प्रयोग चंद्रावर झाला. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी कॅमेऱ्यासमोर एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडलं. हातोडी १.३२ किलोची, पीस जेमतेम ३० ग्रॅमचं. चंद्रावर हवा नाही. दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले.

७. बंदुकीतून आडवी सुटलेली गोळी आणि त्याच उंचीवरून हातातून सोडलेली गोळी खरंच एकदम जमिनीवर पडतात?

सपाट जमीन आणि हवा नाही असं धरलं तर हो. दीड मीटर उंचीवरून दोघींना ०.५५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सेकंदाला ४०० मीटर वेगाची गोळी २२० मीटर पुढे गेलेली असते, दुसरी तुमच्या पायाशी पडते. गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढतं. आडव्या वेगाला ते हात लावत नाही आणि आडव्या वेगालाही त्याचं देणंघेणं नाही.

बंदूक सोडा, घरी नाण्यांवर करून बघा. टेबलाच्या कडेला पट्टी तिरकी ठेवा. एक नाणं पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकावर, दुसरं टेबलावर पट्टीला चिकटून. पट्टीला टिचकी मारली की एक नाणं जागच्या जागी खाली पडतं आणि दुसरं आडवं उडतं. आता डोळे मिटून ऐका. फरशीवर ‘टण’ असा एकच आवाज येतो. टिचकी कितीही जोरात मारा, आवाज एकच.

८. मग मार्ग नेमका अन्वस्ताकारच का होतो? दुसरा कुठला आकार का नाही?

कारण आडवं अंतर वेळेच्या पटीत वाढतं आणि पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाच्या पटीत. कड्यावरून सेकंदाला २० मीटर वेगाने आडवा दगड फेकला, तर १, २, ३ सेकंदांनी तो २०, ४०, ६० मीटर पुढे असतो. त्याच वेळी तो ४.९, १९.६, ४४.१ मीटर खाली आलेला असतो, म्हणजे १, ४, ९ या प्रमाणात. हे बिंदू जोडले की अन्वस्त, म्हणजेच पॅराबोला. बागेतल्या पाईपच्या पाण्यात तो आयता रेखाटलेला दिसतो.

गॅलिलिओने हे १६३८ साली प्रसिद्ध केलं. त्याच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं. म्हणून त्याने उतरत्या पन्हळीवरून गोळे सोडून गती संथ केली आणि तेवढ्या वेळात भांड्यातून गळलेलं पाणी तोलून वेळ मोजली. प्रत्येक समान काळात कापलेलं अंतर १, ३, ५, ७ असं वाढतं, हे त्याला दिसलं. वरच्या आकड्यांची वजाबाकी करून बघा: ४.९, १४.७, २४.५. तेच प्रमाण.

हे तिरक्या फेकीलाही लागू आहे. गुरुत्वाकर्षण नसतं तर वस्तू ज्या सरळ रेषेत गेली असती, त्या रेषेच्या ती दर क्षणी ‘४.९ गुणिले वेळेचा वर्ग’ इतके मीटर खाली असते. हे वाक्य लक्षात ठेवा, प्रश्न ११ आणि २१ मध्ये लागेल.

९. विहिरीत दगड टाकून, आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून खोली काढता येते म्हणतात. कितपत बरोबर येते?

उथळ विहिरीत बऱ्यापैकी. सेकंदांचा वर्ग करा, ४.९ ने गुणा, पाण्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मिळतं. २ सेकंद म्हणजे साधारण १९.६ मीटर, ६४ फूट. खोली वाढते तशी आवाजाच्या प्रवासाची वेळ मध्ये येते. आवाज ३ सेकंदांनी आला, तर सूत्र ४४ मीटर सांगतं. पण त्यातला सुमारे ०.१२ सेकंद आवाज वर यायला गेलेला असतो. खरं अंतर ४०.६ मीटरच्या आसपास निघतं. शिवाय मोबाईलवरचं स्टॉपवॉच दाबताना पाव सेकंद इकडेतिकडे होतोच, आणि ३ सेकंदांना पाव सेकंद चुकलात तर उत्तर सात मीटरने हलतं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत हा उद्योग करू नका, शेजारी भौतिकशास्त्र ऐकून घेणार नाहीत.

१०. ४५ अंशात फेकलं की सगळ्यात लांब जातं, हे पाठ आहे. मग गोळाफेकवाले ४५ अंशात का फेकत नाहीत?

कारण ४५ अंशांच्या नियमाला तीन अटी आहेत. वस्तू सुटते आणि पडते ती पातळी एकच हवी, प्रत्येक कोनात फेकीचा वेग तेवढाच मिळायला हवा, आणि हवा नको. मैदानावर या तिन्ही एकदम क्वचितच पाळल्या जातात.

आधी नियम काय सांगतो ते बघू. सेकंदाला ३० मीटर वेगाने चेंडू ४५ अंशात मारला तर पल्ला सुमारे ९२ मीटर. ३० अंशात मारला तर ७९.५ मीटर, आणि ६० अंशातही तितकाच. फरक वेळेचा: ३० अंशाचा चेंडू ३ सेकंदांत खाली, ६० अंशाचा ५.३ सेकंदांनी. क्षेत्ररक्षकाला उंच उडालेला झेल का सापडतो, ते यात आलं. तिन्ही फटक्यांत त्वरण मात्र तेच ९.८.

आता गोळाफेक. गोळा हातातून सुटतो तो जमिनीपासून सुमारे दोन मीटर वर. तेवढ्यानेच उत्तम कोन ४२ अंशांच्या आसपास उतरतो. त्यात शरीराची गोष्ट वेगळी. गोळा जितका उभा ढकलाल तितकी ताकद त्याचं वजन उचलण्यात जाते आणि वेग कमी मिळतो. म्हणून प्रत्यक्षात चांगले खेळाडू ३५ ते ३८ अंशांच्या आसपास फेकतात. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक मिळवलं. त्या फेकीचा व्हिडिओ थांबवून कोनमापक लावून बघा, गृहपाठ म्हणून वाईट नाही. लांब उडीत तर कोन २० अंशांच्या आसपास येतो. पूर्ण वेगात धावत आलेल्या माणसाला स्वतःला ४५ अंशांत वर उचलायचं तर धावेचा बहुतेक वेग मोडावा लागेल.

११. झाडावरच्या कैरीवर बरोबर नेम धरला, आणि दगड सुटला त्याच क्षणी कैरी देठातून तुटली. दगड लागेल की चुकेल?

लागेल! मला या यादीतला सगळ्यात आवडता प्रश्न हा.

समजा कैरी हातापासून सरळ रेषेत १० मीटरवर आहे आणि दगडाचा वेग सेकंदाला २० मीटर. गुरुत्वाकर्षण नसतं तर दगड अर्ध्या सेकंदात कैरीच्या जागी पोचला असता. पण त्या अर्ध्या सेकंदात तो नेमाच्या रेषेपासून सुमारे १.२ मीटर खाली आलेला असतो (प्रश्न ८). कैरीही तेवढाच वेळ, तेवढ्याच त्वरणाने पडते आहे. तीही १.२ मीटर खाली आलेली असते. गाठ पडते. दगड हळू मारला तर दोघं आणखी खाली भेटतात, मध्ये जमीन आली नाही म्हणजे झालं.

कैरी जागेवरच राहिली तर दगड तिच्या खालून जातो. म्हणून नेम थोडा वर धरायचा, हे कुठल्याही गावातल्या पोरांना सूत्राशिवाय येतं.

१२. धावत्या लोकलमध्ये चेंडू वर उडवला तर तो मागे का पडत नाही? तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते ना?

चेंडूही गेलेला असतो. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत चेंडू एक सेकंद हवेत राहिला, तर गाडी जवळपास १७ मीटर पुढे जाते. हातातून सुटताना गाडीचा आडवा वेग चेंडूकडे होताच, आणि तो कमी करणारं काही नाही. तुम्हाला चेंडू सरळ वर-खाली दिसतो, फलाटावरच्या माणसाला तोच अन्वस्तात जाताना दिसतो. त्वरण दोघांनी मोजलं तरी ९.८ च. मात्र चेंडू हवेत असताना मोटरमनने ब्रेक लावला तर चेंडू हाताच्या पुढे पडतो, कारण वेग गाडीचा कमी झाला, चेंडूचा नाही. आणि हा प्रयोग दारात उभं राहून करायचा नाही.

१३. गोफण गोल गोल फिरवतो, मग दगड सुटल्यावर गोल का फिरत नाही?

गोल फिरवत होती ती दोरीची ओढ. दोरीचं एक टोक सोडलं की ती ओढ संपली. त्या क्षणी दगड ज्या दिशेला चालला होता, त्याच दिशेला, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेत, तो सुटतो आणि तिथून पुढे साधं प्रक्षेप्य होतो. फिरताना दगडाचं त्वरण ९.८ च्या कित्येक पट असू शकतं. सुटल्यावर मात्र ते ९.८. ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्याची सगळी करामत टोक सोडण्याच्या क्षणात असते.

१४. विटी तर गरगर फिरत जाते. तिचा कुठला भाग अन्वस्तात जातो?

फक्त तिचा वस्तुमान-मध्य, म्हणजे विटी जिथं बोटावर तोलून राहील तो बिंदू. दोन्ही टोकं त्याच्याभोवती वेटोळी घेत जातात आणि त्यांचं त्वरण क्षणाक्षणाला वेगळं असतं. उंचावरून पाण्यात सूर मारणारा हवेत कितीही कोलांट्या घेवो, त्याचा वस्तुमान-मध्य आखलेल्या वाटेनेच जातो.

१५. आता खरं सांगा: हवा असताना त्वरण ९.८ असतं का?

गुरुत्वाकर्षणाचा वाटा ९.८ च असतो, त्यात हवेचा वाटा मिसळतो. हा भेद नीट धरलात, तर पुढचे प्रश्न सोपे जातील.

हवेचा रोध नेहमी वेगाच्या उलट दिशेला असतो. चेंडू वर जात असताना गुरुत्वाकर्षण खाली ओढतं आणि हवाही खालीच ढकलते, म्हणून एकूण त्वरण ९.८ पेक्षा जास्त. खाली येताना हवा वर ढकलते, म्हणून कमी. याचा परिणाम असा, की वर जायला कमी वेळ लागतो आणि खाली यायला जास्त. सर्वोच्च बिंदूला चेंडू सरळ वर फेकलेला असेल, तर वेग शून्य, म्हणून रोधही शून्य, आणि त्या क्षणी त्वरण अगदी शुद्ध ९.८. म्हणजे ज्या जागी मुलं शून्य लिहितात, नेमकी तिथंच ९.८ ची खात्री.

हा रोध किती मोठा असतो? क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा. सेकंदाला ३० मीटर वेगाला त्याच्यावरचा रोध त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भरतो. म्हणून प्रश्न १० मधला ९२ मीटरचा फटका मैदानावर बराच अलीकडे पडतो आणि मार्गही एकसारखा राहत नाही: चढण लांब, उतार उभट. बॅडमिंटनचं शटल तर सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगालाच ‘अंतिम वेग’ गाठतं. तिथं रोध आणि वजन बरोबरीला येतात आणि एकूण त्वरण शून्य होतं. गुरुत्वाकर्षण तिथंही आहे, फक्त हवेने त्याची बरोबरी केली आहे.

हवा नेहमी तोट्याचीच असते असंही नाही. भाला हवेवर तरंगतो. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होन यांनी १०४.८० मीटर भाला फेकला. मैदानं अपुरी पडण्याची भीती निर्माण झाली, शिवाय भाले सपाट पडून निवाडा अवघड होत होता. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा वस्तुमान-मध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकवला आणि टोक लवकर खाली वळू लागलं. नीरज चोप्रा यांनी २०२५ मध्ये दोहाला फेकलेले ९०.२३ मीटर या नव्या भाल्याचे आहेत. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्यांना हे सांगत जा.

१६. चेंडूचं खाली येण्याचं त्वरण ९.८ पेक्षा जास्त होऊ शकतं का? फिरकी गोलंदाजाचा चेंडू कधीकधी अचानक ‘बसतो’ असं वाटतं.

वाटत नाही, तो खरंच बसतो. चेंडूला पुढच्या बाजूने खाली वळणारी फिरकी, म्हणजे टॉपस्पिन दिली, की चेंडू हवेला वर वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून हवा त्याला खाली दाबते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. गुरुत्वाकर्षणाचे ९.८ आणि हवेची ही भर मिळून त्वरण वाढतं, आणि फलंदाजाच्या अंदाजाआधी चेंडू टप्पा घेतो. उलट फिरकीचा चेंडू तरंगतो. टेबल टेनिसच्या चेंडूत हे ठळक दिसतं, कारण तो फक्त २.७ ग्रॅमचा आहे, हवेपुढे त्याचं काही चालत नाही.

१७. नाणेघाटातला धबधबा पावसाळ्यात उलटा वर जातो. तिथं गुरुत्वाकर्षण कमी आहे का?

अजिबात नाही, आणि ‘चुंबकीय शक्ती’ही नाही, जरी दर पावसाळ्यात तसे व्हिडिओ फिरत असले तरी. कोकणातून येणारा मोसमी वारा सह्याद्रीच्या उभ्या कड्याला थडकतो आणि वर उसळतो. पाण्याच्या धारेचे थेंब झाले, की त्यांना हवेत पडण्याची मर्यादा असते: १ मिलिमीटरच्या थेंबाला सेकंदाला सुमारे ४ मीटर, ५ मिलिमीटरच्या मोठ्या थेंबाला सुमारे ९ मीटर. वर येणारा वारा त्याहून वेगवान झाला, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरच्या पुढे गेला, की मोठे थेंबही माघारी फिरतात. प्रत्येक थेंबाला पृथ्वी ९.८ नेच ओढत असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टाकलेल्या हलक्या वस्तू वर येतात, त्याचं कारण हेच. दगड टाकून हा प्रयोग करणाऱ्यांना हात जोडून विनंती: दगड वर येत नाही, आणि खाली माणसं असू शकतात.

१८. ९.८ हा आकडा सगळीकडे सारखाच आहे का? कळसूबाईवर वेगळा असेल ना?

थोडासा. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३, मुंबईत सुमारे ९.७९. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि ती फिरते, या दोन कारणांनी हा फरक पडतो. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीने फक्त ०.०५ टक्क्यांच्या आसपास घट होते. तिथून चेंडू लांब गेलाच, तर ते श्रेय विरळ हवेचं आणि वाऱ्याचं.

याचा एक गाजलेला पुरावा. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये बॉब बीमन यांनी ८.९० मीटर लांब उडी मारली. शहर २२४० मीटर उंचीवर, तेव्हा ‘गुरुत्वाकर्षण कमी होतं’ असं अजून सांगितलं जातं. मेक्सिको सिटी आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. हिशेब केला तर मुंबईच्या तुलनेत गुरुत्वाकर्षणाने दिलेला फायदा सेंटीमीटरभरही नाही. लंडनच्या तुलनेत सुमारे ३ सेंटीमीटर. बाकीचं काम विरळ हवेने, पाठीमागच्या वाऱ्याने आणि बीमन यांच्या पायांनी केलं.

१९. चंद्रावर चेंडू किती लांब जाईल?

तेवढ्याच वेगाने आणि कोनात मारला तर पृथ्वीवरच्या बिनहवेच्या पल्ल्याच्या सहापट, कारण तिथलं त्वरण १.६२. प्रश्न १० मधला ९२ मीटरचा फटका साडेपाचशे मीटरच्या पुढे जाईल. पण ‘तेवढ्याच वेगाने’ ही अट मोठी आहे. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ च्या ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. नंतर छायाचित्रांवरून मोजलं तेव्हा लांबचा चेंडू सुमारे ४० यार्डांवरच निघाला. अवजड पोशाखात त्यांना एका हातानेच मारता येत होतं. गुरुत्वाकर्षण कमी असून काय उपयोग, सुरुवातीचा वेगच नव्हता.

२०. उंचावरून नुसती सोडलेली वस्तू तरी अगदी सरळ खाली पडते ना?

जवळजवळ. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि उंच जागेचा पूर्वेकडचा वेग पायथ्यापेक्षा किंचित जास्त असतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर १०० मीटरवरून सोडलेली वस्तू ओळंब्यापासून सुमारे २ सेंटीमीटर पूर्वेला पडेल, हवेने ती त्याहून जास्त हलवली नाही तर. शाळेच्या गणितात हे विसरा. पहिल्या महायुद्धात १९१८ साली पॅरिसवर सव्वाशे किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून तोफा डागणाऱ्या जर्मनांना ते विसरून चालत नव्हतं.

२१. खूपच जोरात फेकलं तर वस्तू परत खालीच येणार नाही, असं होतं का? आणि अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं ना?

पहिल्याचं उत्तर: पडते, पण जमिनीला लागत नाही. पहिल्या सेकंदात कुठलीही वस्तू आपल्या सरळ रेषेपासून ४.९ मीटर खाली येते (प्रश्न ८). पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभागही दर ७.९ किलोमीटरला सुमारे ४.९ मीटरने खाली वळतो. म्हणजे वस्तू सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवी फेकली, तर ती जितकी पडते तितकीच जमीन खाली सरकते. न्यूटनने उंच डोंगरावरच्या काल्पनिक तोफेने हेच समजावलं. हवा नसती तर तो गोळा पृथ्वीला फेरी मारून तोफेच्या पाठीमागून आला असता.

दुसऱ्याचं उत्तर: असतं, आणि भरपूर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथं गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास, जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला तिथं तरंगताना सगळ्यांनी पाहिले. ते आणि त्यांच्याभोवतीचं स्थानक एकाच त्वरणाने पडत होते, म्हणून पायाखाली दाबायला काही नव्हतं. कैरी आणि दगडाची प्रश्न ११ मधली जोडी आठवा. फरक इतकाच, की इथं मध्ये जमीन येत नाही, आणि सुमारे दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण होते.

एवढ्या लांबच्या फेकीला अन्वस्तही पुरत नाही. ‘खाली’ ही दिशाच वाटेत बदलत जाते, कारण खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. बिनहवेचा खरा मार्ग लंबवर्तुळाचा तुकडा असतो. अंगणात फेकलेल्या चेंडूचाही तसाच, पण तिथला फरक कुठल्याही फूटपट्टीला सापडणार नाही इतका बारीक असतो, म्हणून परीक्षेत अन्वस्तच लिहा.